पिल्लाचं वचन

१

पिल्लू बुधवारी सकाळी पावणेसातला मेलं. अक्काने वेळ लिहून ठेवली होती. कालनिर्णय चुकेल, पण अक्काची वही चुकणार नाही, असं घरात म्हणत.

धाकटा भाऊ आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी ताठ बसली होती. समोर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते. मूठभर. रविवारी दुपारी घरी आलं होतं, म्हणजे पुरते तीन दिवसही झाले नव्हते. तिने त्याला चिमूट म्हणायला सुरुवात केली होती.

"काल संध्याकाळी खाल्लं नाही," अक्का म्हणाली. "पहाटे थरथरायला लागलं. मग मान टाकली. माझ्याकडून काय चुकलं, ते शोधून काढ."

"तुझ्याकडून कशाला काही चुकेल?"

"काहीतरी चुकल्याशिवाय तीन दिवसांत जीव जात नाही. तू जन्मभर चुका शोधल्यास ना? मग ही शोध."

ते खरं होतं. चौतीस वर्षं त्याने एका दैनिकात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून संपादकांशी भांडला. तेव्हापासून ओळखीचे सगळे त्याला वेलांटी म्हणत, आणि निवृत्तीनंतरही ते नाव अंगाला चिकटून राहिलं होतं.

अक्काला मोठं कुत्रं झेपलं नसतं. तिच्या मनगटात जोर नव्हता आणि घर दोन खोल्यांचं. पण दुकानातलं पिल्लू घ्यायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "कुठल्यातरी पिंजऱ्यातल्या आईला पिळून माझी हौस नको." सात महिने ती शोधत होती. नऊ जणांना तिने नाही म्हटलं. दहावं घर सापडलं ते एका गोड बाईचं.

"काय नव्हतं त्या घरात?" अक्का म्हणाली. "पिल्लांची आई समोर. उन्हाची खोली. स्वच्छ पाणी, लसीचं कार्ड. भिंतीवर पाटीसुद्धा होती, 'या घरात कुणी आवाज चढवू नये.' मी म्हटलं, देवानेच पाठवलं."

अक्काच्या नवऱ्याचा आवाज मोठा होता. त्याबद्दल घरातलं कुणी याहून जास्त बोलत नसे. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"आणि दुसरं?" वेलांटीने विचारलं. रविवारी तिने फोनवर दोन पिल्लांचं सांगितलं होतं.

"मोजेवालं. पुढचा एक पाय पांढरा. ते येत्या रविवारी कुणाकडेतरी जाणार आहे." अक्काने टॉवेलची कड सरळ केली. "चिमूट गेलं ते गेलं. पण ते जिवंत आहे अजून. ते मला परत त्याच्या आईपाशी हवंय."

तिने गोड बाईचा नंबर लावला. फोन बंद होता. तो सकाळपासून बंदच होता.

२

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉवेल उघडला, पिल्लाचा ओठ बोटाने वर केला आणि हिरड्या निरखून पाहिल्या.

"किती आठवड्यांचं म्हणून दिलं?"

"आठ."

"मागच्या दाढा हिरडीतच आहेत. पाच आठवडे, फार तर." त्यांनी हातमोजे काढले. "एवढ्या लहान जातीचं पिल्लू पाच आठवड्यांत आईपासून तोडलं, की रक्तातली साखर घसरते. दर दोन तासांनी भरवलं तर वाचतं, पण त्यासाठी आधी वय माहीत हवं. तुमच्या अक्का त्याला आठ आठवड्यांच्या पिल्लासारखं तीन वेळा भरवत असणार. पुस्तकात तसंच असतं."

"म्हणजे दुसरंही..."

"त्याच विणीचं असेल तर तेही पाचच आठवड्यांचं. नव्या घरी गेलं की दोन दिवस, तीन दिवस."

वेलांटीने अक्काच्या फोनमधला फोटो दाखवला. तपकिरी रंगाची, एक कान मुडपलेली छोटी कुत्री उताणी पडली होती आणि अक्का तिच्या पोटावरून हात फिरवत होती. डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा केला.

"ही आई?"

"असं सांगितलं."

"या आईला दूध कुठून येणार? सड बघा, सपाट आहेत. आणि ही बारीक रेघ बघा. गर्भाशय काढल्याची आहे, जुनी. ही कुत्री कुणाची आई होऊच शकत नाही, काका."

तो उठला आणि दाराशी थबकला. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पत्रक लावलेलं होतं: 'पिल्लू घेण्याआधी विचारायचे अकरा प्रश्न.' ते त्यानेच तपासलं होतं. मजकूर डॉक्टरीणबाईंचा होता आणि कल्पना अनाथ कुत्र्यांचा आसरा चालवणाऱ्या मावशींची. मोबदला म्हणून कुणी काही घेतलं नव्हतं, म्हणून त्याला त्याचा जरा अभिमानच होता.

अभिमान त्या पत्रकाचा. त्यातल्या नवव्या प्रश्नाचा नाही. त्या प्रश्नाकडे त्याने पाहायचं टाळलं.

३

गोड बाईच्या घराला कुलूप नव्हतं, कारण तिथे कुलूप लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडदे गेलेले, टोपली गेलेली. घरमालकीण केरसुणी घेऊन दारातच उभी होती.

"दोन दिवसांसाठी मागितली होती जागा. फोटो काढायचेत म्हणाली. बोलायला काय गोड हो! मला ताई, माझ्या सासूबाईंना आई. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सासूबाईंना आई म्हणायला मला बावीस वर्षं लागली."

खिळ्यावर पाटी तेवढी राहिली होती. *या घरात कुणी आवाज चढवू नये.* वेलांटीने ती सवयीने वाचली. शुद्ध होती.

तो परत आला तेव्हा अक्का आतल्या खोलीत पडली होती. टेबलावर पिल्लाबरोबर आलेली पिशवी होती. त्याने ती उलटी केली. लसीचं कार्ड, एक चिंधी, आणि गुलाबी फितीने बांधलेली आठ छोटी कार्डं, हाताने लिहिलेली.

*पहिल्या आठवड्याचं वचन: मी खूप झोपेन.*

*दुसऱ्या आठवड्याचं वचन: मी डोळे उघडीन.*

तो एकेक कार्ड वाचत गेला. आठव्यावर लिहिलं होतं: *मी तुम्हाला सोडून कधी जाणार नाही.*

त्याने आठही कार्डं पहिल्यापासून पुन्हा वाचली. तो अडला होता ते त्या वाक्यापाशी नाही. 'वचन' या एका शब्दापाशी.

नववा प्रश्न असा होता: 'दर आठवड्याचं पिल्लाचं वजन लेखी आहे का?' छापताना तो झाला होता: 'दर आठवड्याचं पिल्लाचं वचन लेखी आहे का?' कळफलकावर ज आणि च शेजारी शेजारी असतात. जुळवणाऱ्याचं बोट घसरलं आणि वेलांटीची नजर घसरली. चौतीस वर्षांत घसरली नव्हती, ती फुकटच्या कामात घसरली.

चूक दुसऱ्या दिवशी दिसली. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या दोनशे सत्त्याण्णव त्याने छापखान्यात बसून स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. उरलेल्या तीन आदल्या संध्याकाळी, शाई ओली असतानाच, वाटून झाल्या होत्या.

जगात कुणालाही आठवड्या-आठवड्याचं पिल्लाचं वचन लिहायचं सुचणार नाही. सुचेल ते फक्त त्या चुकीच्या प्रतीवरून घर सजवणाऱ्याला. गोड बाईच्या हातात त्या तीनपैकीच एक प्रत पडली होती. ती कुणी दिली हे कळलं, की गोड बाईचा पत्ता लागणार होता. आणि पत्ता लागला, की मोजेवालं.

त्याने कार्डं खिशात घातली. अक्काला तो काही बोलला नाही. वजनाची नोंद मागितली असती तर आठाऐवजी पाचच आकडे निघाले असते आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. चिमूट एका अक्षराने मेलं होतं, आणि ते अक्षर त्याचं होतं. हे अक्काला कळू नये, एवढीच त्याची त्या क्षणी इच्छा होती.

४

तीन प्रती. एक डॉक्टरीणबाईंना, एक मावशींना, एक अक्काला. अक्काचं नाव त्याने मनातच खोडलं. जिच्या घरी चोरी झाली, तिच्या घराची झडती कोण घेतं?

त्याच दुपारी तो आपल्या जुन्या दैनिकात गेला आणि एक निवेदन लिहून दिलं: पुढचा एक पाय पांढरा असलेलं लहान पिल्लू कुणी घेतलं असल्यास त्याला दर दोन तासांनी भरवावं आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं. जाहिरातवाल्याने मान हलवली. उद्याचं पान भरलं होतं, परवाचंही. "शनिवारी लावतो, वेलांटी. तुम्हाला माहीत आहे, पान लागलं की लागलं." वेलांटीला माहीत होतं. हेच वाक्य त्याने स्वतः शेकडो लोकांना ऐकवलं होतं.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा दवाखान्यात गेला आणि या खेपेला काचेच्या चौकटीसमोर चष्मा लावून उभा राहिला. नवव्या प्रश्नात च खोडून वर बारीक ज लिहिला होता. शाईवर ऊन पडून ती फिकी झाली होती.

"तुम्ही चूक कळवायला फोन केलात त्याच दिवशी केलं," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "आणि चौकटीत घातलं. तेव्हापासून उघडलेली नाही. मागचे खिळे गंजलेत, बघा हवं तर."

त्याने बघितले. गंजलेले होते.

राहिल्या मावशी.

मावशींच्या आसऱ्यात शिरताच पंचवीस-तीस कुत्री एकदम भुंकायला लागली. सगळी मोठी, सगळी कुणीतरी टाकलेली. मावशी बादली घेऊन मधोमध उभ्या होत्या.

"ये रे वेलांटी. पाय सांभाळ. तुझ्या अक्काचं कळलं. वाईट झालं."

"मावशी, पत्रकाची तुमची प्रत कुठाय?"

"हे काय विचारणं झालं?"

तेवढ्यात त्याला ती दिसली. कोपऱ्यातल्या पोत्यावर, उन्हात पाय ताणून पडलेली. तपकिरी. एक कान मुडपलेला. त्याने आपल्या फोनवर घेतलेला अक्काचा तो फोटो उघडून ताडून पाहिला आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मावशी, ही इथे कशी?"

५

मावशींनी बादली खाली ठेवली.

"कशी म्हणजे? इथलीच आहे ती, तीन वर्षांची. परवा परवा एक बाई घेऊन गेली होती. म्हणाली, आठवडाभर सांभाळून बघते, जमलं तर ठेवीन. सोमवारी परत आणून दिली. म्हणे सवतीसारखं वागते."

"गोड बोलणारी?"

"मधात घोळलेली. मला म्हणाली, तुमचं काम म्हणजे तपश्चर्या. मी म्हटलं, तपश्चर्या कसली, तू आधी ती घाण ओलांड." मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "का रे?"

त्याने फोटो दाखवला. मावशींनी तो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग तिथेच ओल्या फरशीवर बसल्या.

"हिला आई म्हणून दाखवली?" त्या म्हणाल्या. "हिचं तर आम्ही आल्या आल्या ऑपरेशन केलं. आमच्याकडे सगळ्यांचंच करतो. माझ्याच दारातून नेली रे."

अर्ज होता. त्यावर पत्ता होता, तो एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाचा. नंबर होता, तोच बंद नंबर. पत्रकाची प्रतही निघाली, औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. च खोडून ज, मावशींच्या ढोबळ अक्षरात.

"तुला वाटलं मी सामील आहे," मावशी म्हणाल्या.

"वाटलं."

"वाटायलाच हवं होतं. मीही तेच समजले असते." त्यांनी कुत्रीच्या मुडपलेल्या कानावर हात ठेवला. "आता अक्काची तेवढी राहिली ना?"

"अक्काने कशाला कुणाला द्यावं?" तो जरा चिडूनच म्हणाला.

शुक्रवार छापखान्यात गेला. छापखानेवाल्याने शपथेवर सांगितलं की चुकीचा मजकूर त्याने त्याच दिवशी यंत्रातून काढून टाकला होता. शिवाय त्याच्याकडे कुत्र्यांचं प्रकरणच नव्हतं, त्याला मांजराचीसुद्धा भीती वाटे. "गुरुजी, मी चुका करतो," तो म्हणाला, "पण जपून ठेवत नाही."

शनिवारी सकाळी वेलांटी अक्काकडे गेला तेव्हा दैनिक दारातच पडलं होतं. निवेदन सातव्या पानावर, तळाशी. एकही चूक नव्हती.

अक्का कपाट आवरत होती. चिमूटच्या नावाने आणलेलं सगळं तिने एका पिशवीत भरलं होतं. "हे पण टाकून दे," म्हणत तिने त्याच्या हातात एक कागद ठेवला. पत्रक. तिची प्रत.

नववा प्रश्न तसाच होता. वचन. दुरुस्त न केलेलं. तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. इतरांना फोन केले आणि बहिणीला काय, भेटल्यावर सांगू.

पण त्याची नजर तिथे थांबली नाही. अकरा प्रश्न संपत होते त्याच्या खाली, पेन्सिलने, अक्काच्या टपोऱ्या अक्षरात बारावा प्रश्न होता.

*१२. घरात कुणी आवाज चढवतं का?*

६

खिळ्यावरची ती पाटी. गोड बाईने बाराव्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर टांगून ठेवलं होतं, आणि बारावा प्रश्न जगात एकाच कागदावर होता.

"अक्का," तो म्हणाला, "तिकडे जायच्या आधी हा कागद तू कुणाला दिला होतास?"

"दिला नाही. फोटो पाठवला."

"कुणाला?"

"तिलाच." अक्काने फोन उघडून त्याच्यापुढे धरला. पिल्लू आणायच्या आधीच्या बुधवारचा निरोप होता. *रविवारी अकराला येते. माझे प्रश्न सोबत पाठवते आहे, म्हणजे तुमचाही वेळ मोडायला नको.* खाली पत्रकाचा फोटो, पेन्सिलच्या ओळीसकट. खाली उत्तर: *किती छान! अशीच माणसं हवीत. सगळी उत्तरं तयार ठेवते.*

"अचानक जाऊन कुणाला कोंडीत पकडणं बरं दिसत नाही," अक्का म्हणाली. "माणसाला तयारीला वेळ द्यावा."

मग तिने स्वतःच ते वाक्य पुन्हा ऐकलं असावं. तिने फोन पालथा ठेवला.

"पेपर मी फोडला," ती म्हणाली.

"नऊ नंबरचा प्रश्न माझ्यामुळे चुकला. वजन होतं तिथे. तू वजन विचारलं असतंस तर..." त्याने खिशातून कार्डं काढून टेबलावर ठेवली. "बुधवारीच कळलं होतं मला. बोललो नाही. तुला तेव्हाच विचारलं असतं तर तीन दिवस गेले नसते."

"तीन दिवसांनी काय झालं असतं? तू माणूस शोधत होतास. मधे माणूसच नव्हता." अक्काने एक कार्ड उचललं, न वाचता ठेवलं. "मला वाटलं, वचन म्हणजे काय छान कल्पना. मी तिला म्हटलंही तसं. ती हसली." तिने कार्डांचा गठ्ठा बाजूला सारला. "मग आता मोजेवाल्याचं कुणाला विचारायचं?"

माग एका घरातून निघाला होता, तीन घरं फिरून त्याच घरात आला होता. गोड बाईच्या दिशेने जाणारी एकही वाट त्यात नव्हती.

साडेदहाला त्याचा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. त्याने फोन कानाला लावला आणि अक्का त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"काका, पांढऱ्या पायाचं म्हणाला होतात ना? आत्ता एक जोडपं घेऊन आलं होतं. पेपरातलं निवेदन वाचून धावत आले. रविवारऐवजी गुरुवारीच दिलं होतं त्यांना."

"आणि?"

"वाटेतच गेलं. अंग गरम होतं अजून. अजून एक सांगते, तुम्हाला कळलेलं बरं. त्यांच्याकडे पत्रक होतं. तुम्ही दुरुस्त केलेलं. त्यांनीही प्रश्न आधी पाठवले होते, वजनाचा प्रश्न विचारला होता, आणि तिने वजनाची वही दिली. आठ आठवडे, आठ आकडे. व्यवस्थित चढते. एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेले."

त्याने फोन ठेवला. तीन दिवस तो एका अक्षराचं ओझं वाहत होता. ते अक्षर बरोबर असतं तरीही चिमूट मेलंच असतं. यात सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. निदान चूक आपली आहे म्हटलं, की ती सुधारता येईल असं तरी वाटतं.

त्याने अक्काला जे होतं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

अक्काने ऐकून घेतलं. मग ती उठली, मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि पदराने पुसत बाहेर आली.

"ते दोघं अजून दवाखान्यात असतील?"

"असतील. कशाला?"

"आत्ता एकमेकांना विचारत असतील, कुणाचं चुकलं म्हणून." ती चपला शोधत होती. "तो म्हणेल, तू खिडकी उघडी ठेवलीस. ती म्हणेल, तू दूध गार दिलंस. मग आवाज चढतील."

"तू जाऊन काय सांगणार?"

अक्काने दाराच्या कडीला धरून एक पाय चपलेत सरकवला.

"की आम्ही सगळं विचारलं होतं," ती म्हणाली. "चल."